‘बदल नाही’ : निसर्ग-मार्गदर्शक होण्याच्या प्रशिक्षणाची वही

माझ्या नोंदवहीत ऐनाच्या एकाच झाडाच्या ५२ नोंदी आहेत आणि त्यांपैकी कितीतरी नोंदींत तारीख, वेळ आणि आभाळाची स्थिती यांच्यापुढे ‘बदल नाही’ एवढेच दोन शब्द लिहिलेले आहेत. सह्याद्रीच्या उत्तर भागात स्वयंसेवी निसर्ग-मार्गदर्शक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांसाठीचे वर्षभराचे प्रशिक्षण मी नुकतेच पूर्ण केले. पक्षी, फुले, कीटक, खडक असे बरेच काही त्या वर्षात शिकायला मिळाले. परंतु या दोन शब्दांचे मोल कळायला मला जवळजवळ सहा महिने लागले आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे.

आमच्या तुकडीत अठरा जण होते. शाळेतले शिक्षक होते, बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, एक परिचारिका होत्या, दोघे महाविद्यालयात शिकत होते. जीवशास्त्राची पदवी मात्र फक्त एकीजवळ होती. महिन्यातून एक शनिवार वर्गात आणि बहुतेक रविवार उतारावर किंवा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, असा क्रम होता. पदवी नसताना या विषयात हात घालावा की नाही, असा संकोच माझ्या मनात सुरुवातीला होता. तो दूर झाला तो एका जुन्या हकिकतीमुळे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ज्या आठ जणांनी स्थापन केली, ती सारी आपापला व्यवसाय सांभाळून निसर्गाचा अभ्यास करणारी हौशी मंडळी होती. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते आणि दोघेही वैद्यकीय व्यवसायात होते. प्रार्थना समाजाच्या स्थापनेमुळे आत्माराम पांडुरंगांचे नाव आपण शाळेत वाचतो, पण त्यांची ही दुसरी बाजू मला इतकी वर्षे ठाऊक नव्हती.

पहिला महिना केवळ खडकाचा होता, आणि हा क्रम किती योग्य होता हे पावसाळ्यात समजले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. काही उंच पठारांवर त्या पाषाणाची झीज होऊन वर जांभ्याचे कवच बनले. या कवचावर माती जेमतेम बोटभर असते, तिच्यात नत्राचा अंश अतिशय कमी असतो, पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी मोठे झाड मूळ धरू शकत नाही. पण मातीत मिळत नाही ते नत्र किड्यांपासून मिळवणाऱ्या वनस्पती मात्र तेथे हजारोंनी उगवतात. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले आपण दुरून गालिच्यासारखी पाहतो. त्यांच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि जवळ आलेला सूक्ष्म जीव त्या पाण्यासकट आत ओढून घेतात. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरचे चमकणारे थेंब हे दव नसून चिकट सापळा असतो. गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून हे पाहिल्यावर कास पठारावर ठरावीक वाटेबाहेर पाऊल ठेवू नये असे का सांगितले जाते, ते मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. कास हे पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांपैकी एक आहे; परंतु बोटभर मातीला त्या दर्जाचे संरक्षण कळत नाही, तिला फक्त बुटाचे वजन कळते.

झाडे ओळखायला आम्ही फुलांपासून सुरुवात केली नाही. फूल वर्षातून काही आठवडेच असते, साल मात्र बाराही महिने समोर असते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली असते, तर त्याचाच जवळचा नातलग अर्जुन गुळगुळीत, पांढुरक्या अंगाचा असतो. त्यानंतर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान चुरगळल्यावर वास येतो का, देठाजवळ ग्रंथी आहेत का, अशा प्रश्नांनी एकेक शक्यता गाळत जायचे. आमच्या उतारावर गुरे चारणारे एक मामा कित्येकदा आमच्याबरोबर चालत असत. मार्चमध्ये निष्पर्ण रानातून जाताना ते मला म्हणाले, “ताई, पान असल्यावर कुणीबी वळखंल. पान गळाल्यावर वळखा, मग झाड तुमचं झालं.” त्यांनी त्या दिवशी वीस-पंचवीस उघड्या झाडांची नावे नुसत्या सालीवरून आणि फांद्यांच्या ठेवणीवरून सांगितली. मी घरी येऊन पुस्तकाशी ताडून पाहिली. एकही चुकीचे नव्हते. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात त्यांच्यासारख्यांसाठी मानधनासह ठरावीक तासिका असायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे आणि मी ते लेखी कळवलेही आहे.

उंबराचा एक दिवस मला विशेष आठवतो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. ते फूल दिसत नाही याचे कारण ते फळाच्या आत असते, किंबहुना आपण ज्याला फळ म्हणतो तो शेकडो बारीक फुले आतल्या बाजूला वळलेला एक बंद पेला असतो. त्या पेल्याच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून विशिष्ट जातीची इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती आतल्या फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे तिची बिनपंखी नर पिल्ले बाहेर पडण्याची वाट कोरून देतात आणि मादी पिल्ले पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या शोधात निघतात. या माश्यांचे प्रौढ आयुष्य फार थोडे असते, म्हणून परिसरातल्या कुठल्या ना कुठल्या उंबरावर योग्य अवस्थेतली फळे सतत असावी लागतात. बाकीचे रान कोरडे असतानाही उंबराला फळे सापडतात आणि पक्षी, वटवाघळे, शेकरू व माकडे त्यावर तग धरतात, हे सूत्र त्या दिवशी जुळले. एक उंबर तोडला तर काय जाते, हे मला आता कोणालाही पाच मिनिटांत सांगता येते, आणि मी ते प्रत्येक फेरीत सांगते.

नावांविषयी थोडे सांगते. घाणेरी आणि टणटणी ही एकाच झुडपाची नावे आहेत. ‘कारवी’ हे एकच नाव मात्र अनेक जातींना लावले जाते. म्हणूनच स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली वनस्पतींसाठी सर्वत्र वापरलेली आणि १७५८ साली प्राण्यांपर्यंत नेलेली दोन शब्दी नावांची पद्धत शिकावीच लागते. पण त्याच वेळी लोकांच्या तोंडची नावेही तितक्याच काळजीने वहीत उतरवायला आम्हाला शिकवले गेले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीच्या काळात रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची वसाहत) असे शब्द मराठीला दिले. त्यांच्या वाटेने पुढे जायचे, तर प्रत्येक खोऱ्यातल्या नावांची नोंद राहिली पाहिजे, कारण ती नावे सांगणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

सापांच्या सत्राला मी सर्वाधिक महत्त्व देते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप; देशात मिळणारे प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, याच चौघांच्या विषावर बनवलेले असते. त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप मात्र रोज मारले जातात. कवड्या साप मण्यार समजून मारला जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे त्याच्या उलट, मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरळ. डुरक्या घोणस घोणशीच्या नावाखाली मारला जातो. असे असले तरी ओळखीचा हा अभ्यास दुरून पाहण्यासाठीच आहे. मार्गदर्शकाने कोणताही साप, बिनविषारी असला तरी, हातात घ्यायचा नाही, कारण पाहणारी मुले धाडसाचे अनुकरण करतात, ज्ञानाचे नव्हे. दंश झाल्यास जखमेवर चिरा घालायचा नाही, विष चोखायचे नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही. माणसाला धीर देऊन निजवायचे, दंश झालेला अवयव फळी लावून स्थिर ठेवायचा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यायचे. फेरीला निघण्यापूर्वी असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.

आता त्या ‘बदल नाही’कडे वळते. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एक जागा आणि त्या जागेतले एक झाड निवडून वर्षभर दर आठवड्याला त्याची नोंद करायची होती. पाने कोवळी, पिकली की जून, कळ्या आहेत का, फुले आहेत का, फळे कच्ची की पिकलेली, आणि हे सारे झाडावर मुळीच नाही, थोडे आहे की भरपूर आहे, एवढ्याच रकान्यांत उत्तर द्यायचे. ऐनाने एप्रिल-मे महिन्यांत कोवळी पालवी धरली, पावसाच्या तोंडावर फिकट फुलांचे तुरे आले, मग पाच पंखांची फळे लागली. तोवर माझा उत्साह टिकून होता. ऑगस्टनंतर मात्र आठवड्यामागून आठवडे तेच झाड, तीच पाने. सप्टेंबरमध्ये मी दोन आठवडे गेले नाही आणि ‘काही नवे नव्हतेच’ असे मनाशी म्हणत त्या दोन तारखा मागाहून भरून टाकल्या.

प्रशिक्षकांनी वही तपासताना त्या दोन ओळींवर बोट ठेवले. शाईचा रंग वेगळा होता आणि आभाळाचा रकाना कोरा होता. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “या दोन तारखांवर उद्या कोणी विश्वास ठेवावा का?” मी त्या ओळी खोडून तेथे ‘गेले नाही’ असे लिहिले. न पाहिलेले आणि पाहून न आढळलेले, या दोन गोष्टी वहीत एकसारख्या दिसता कामा नयेत, हे त्या दिवशी मनावर कोरले गेले.

हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. पक्ष्यांच्या नोंदींसाठी आम्ही ई-बर्ड हे माध्यम वापरतो. तेथे यादी देताना फेरीची वेळ, कालावधी आणि अंतर भरावे लागते आणि शेवटी विचारले जाते की, तुम्ही ओळखलेले सर्व पक्षी या यादीत आहेत ना? या साध्या प्रश्नाच्या होकारावर पुष्कळ काही अवलंबून असते. यादी पूर्ण असेल, तरच तिच्यात नसलेला पक्षी ‘आढळला नाही’ असे धरता येते. कोणी फक्त नवरंग दिसल्याचे कळवले आणि चिमण्या, कावळे, साळुंक्या गाळल्या, तर त्या सकाळी चिमण्या होत्या की नव्हत्या हे कोणालाच कधी कळणार नाही. एखादा पक्षी शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत येतो आणि हे प्रमाण वर्षागणिक कसे बदलते, यावरून तो वाढतो आहे की घटतो आहे याचा अंदाज बांधला जातो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल याच प्रकारच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा विचार केलेला आहे आणि त्यामागे ३०,००० च्या आसपास पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या माणसांना पगार देऊन रानोमाळ पाठवणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. हे काम स्वयंसेवकांनीच केले आहे, आणि दुर्मीळ पक्ष्याच्या एका छायाचित्रापेक्षा साळुंकीच्या कंटाळवाण्या नोंदींनी त्यात अधिक भर घातली आहे.

नोंद करण्याची हौस नोंदीच्या विषयाला घातक कशी ठरू शकते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एप्रिलमध्ये सड्याच्या कडेला मला टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, खड्यांच्या उथळ खळग्यात ठेवलेली चार अंडी, आजूबाजूच्या दगडांशी इतकी मिळतीजुळती की पाऊल पडता पडता राहिले. मी छायाचित्र काढले आणि ओळखीच्या मंडळींच्या गटावर जागेच्या खुणेसह पाठवले. पुढच्या रविवारी तेथे पाच-सहा जण कॅमेरे लावून बसलेले होते. टिटव्यांची जोडी डोक्यावरून आक्रोश करत घिरट्या घालत होती आणि अंडी उघड्या उन्हात होती. टिटवी कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. माणसे बसलेली असताना तिला घरट्यावर येताच आले नाही. मी सर्वांना विनंती करून उठवले. परंतु त्यानंतरच्या आठवड्यात खळगा रिकामा होता आणि टरफलाचा तुकडाही नव्हता. अंडी उन्हाने गेली, कावळ्याने नेली की पिल्ले सुखरूप निघून गेली, हे मला सांगता येणार नाही, आणि ते सांगता येत नाही याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते. आय-नॅचरलिस्टसारखी निसर्ग-नोंदींची माध्यमे संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकतात. टिटवीसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याला ते कवच नसते. तेव्हापासून विणीच्या काळातील कोणतेही घरटे, मग ते बुलबुलाचे का असेना, मी कोणालाही सांगत नाही आणि नोंद ऋतू संपल्यावरच भरते. काजव्यांच्या दिवसांतही तीच काळजी. पावसाच्या आधीच्या त्या थोड्या रात्रींत काजव्यांचा उजेड म्हणजे नर-मादीचा संवाद असतो. त्यांच्यावर मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या रोखणे म्हणजे तो संवाद तोडणे होय. माझ्या मते काजव्यांच्या झाडाखाली गर्दी नेणारी सहल कोणत्याही मार्गदर्शकाने स्वीकारू नये.

लोकांना घेऊन मी पहिली फेरी काढली ती नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पाळला जातो. बरोबर शाळेतली चौदा मुले होती. मी पहिल्या दहा मिनिटांत इतके बोलले की, ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराने दोन सूर लावले ते ऐकू येण्याआधीच विरून गेले. एका मुलीने माझी बाही ओढून विचारले, “ताई, आत्ता कोण शिट्टी वाजवत होतं?” त्यानंतर मी बोलणे कमी केले. आता माझी पद्धत अशी आहे की, मुलांना आधी दोन मिनिटे डोळे मिटून आवाज मोजायला सांगायचे, मग दिसलेल्या पक्ष्याचे वर्णन त्यांच्याच शब्दांत करायला लावायचे, चोच कशी, शेपटी हलते का, जमिनीवर आहे की फांदीच्या टोकाला, आणि नाव अगदी शेवटी सांगायचे. नाव आधी सांगितले की मुले पाहणे थांबवतात, हे मी दरवेळी अनुभवते. मला न ओळखता आलेल्या पक्ष्याचेही वर्णन आम्ही मिळून लिहितो आणि पुढच्या फेरीला उत्तर घेऊन येतो.

एका विषयावर मात्र मी फेरीत गप्प राहत नाही, आणि तो म्हणजे माळ. गवताळ माळांना आपल्या कागदपत्रांत आणि बोलण्यातही ‘पडीक’ म्हटले जाते, आणि मग पावसाळ्यात उत्साही मंडळी तेथे खड्डे घेऊन झाडे लावतात. धाविक, चंडोल, लांडगा, खोकड यांना मोकळा माळच हवा असतो. झाड लावणे हे नेहमीच पुण्य नसते. माळावर आणि जांभ्याच्या सड्यावर ते तिथल्या रहिवाशांना घराबाहेर काढणे असते. हे सांगितल्यावर काही जण दुखावतात, कारण त्यांनी मनापासून, घाम गाळून रोपे लावलेली असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना मी हिवाळ्यात पहाटे माळावर घेऊन जाते आणि चंडोल जमिनीवरून उठून गात गात आभाळात कसा चढतो ते दाखवते. गेल्या हिवाळ्यात आलेल्यांपैकी दोघांनी या पावसाळ्यात रोपे लावण्याऐवजी उतारावर माजलेले रानमोडी हे परके तण उपटण्याचे काम घेतले आहे.

प्रमाणपत्र मिळाले, तरी ऐनाची वही चालूच आहे. या वर्षी पालवी गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस आधी दिसली. दोन वर्षांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही आणि मी तो काढणारही नाही. मागच्या वर्षी मी बुधवारी जात असे आणि यंदा रविवारी जाते, एवढ्यानेही तीन-चार दिवसांचा फरक पडू शकतो. शिवाय ‘थोडी पालवी’ आणि ‘भरपूर पालवी’ यांतली रेषा माझ्या डोळ्यांनी हळूहळू बदलली असण्याचीही शक्यता आहे. म्हणून नव्या तुकडीतल्या एक प्रशिक्षणार्थी त्याच झाडाची नोंद माझ्यापासून स्वतंत्रपणे ठेवणार आहेत. त्या गुरुवारी जातील, मी रविवारी जाईन. एकमेकींची वही महिनाअखेरपर्यंत पाहायची नाही असे आम्ही ठरवले आहे. पहिली तपासणी येत्या ३० तारखेला, त्याच झाडाखाली आहे आणि मामांनाही बोलावले आहे.